माझं कॉर्टिसॉल आणि ताईचे फोन

३ मार्च
तोंड आलंय. कोपराला पुन्हा खाज. डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी विचारलं, डोक्याला काही ताण? म्हटलं, भरपूर. कसला ते सांगितलं नाही. बाबांच्या खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून ते ताईकडे आहेत आणि त्यांना माझ्याकडे आणायचं मी कबूल केलंय, हे सांगून काय उपयोग? त्यावर गोळी मिळत नाही.

डॉक्टर म्हणाले, ताण आला की शरीर कॉर्टिसॉल नावाचं हार्मोन सोडतं. थोडा वेळ ते चांगलं, सूज आटोक्यात ठेवतं. पण ताण रोजचाच झाला की पेशी त्याचं ऐकेनाशा होतात. मग सूज वाढते, आजाराशी लढायची ताकद घटते.

मला लगेच पटलं. माझं कामच इमारतींमधले आगीचे अलार्म तपासण्याचं. उठसूट वाजणाऱ्या अलार्मकडे कोणी ढुंकून बघत नाही.

संकल्प: उद्यापासून ताण बंद.

५ मार्च
ताण नेमका येतो कुठून, याचा शांतपणे विचार केला. ताईच्या फोनमधून. ती रागावत नाही, तेच वाईट. बाबा आज दारापर्यंत चालले, बाबा नीट जेवले, तुझी खोली झाली का रे तयार? एवढंच. माझा हात आपोआप कोपर खाजवायला जातो.

फोन सायलेंटवर टाकला. हा पळपुटेपणा नाही, वैद्यकीय सल्ला आहे.

९ मार्च
बाबांसाठी मागची खोली रिकामी केली! सगळं एकट्याने. रिकामी खोली काय शांत असते. बाबा येईपर्यंत वाया कशाला घालवायची? सतरंजी टाकून दीर्घ श्वसन सुरू केलं. डोळे मिटले की बाबा दिसतात. पंखा लावून पाहिला. तरी दिसतात.

१२ मार्च
खोलीत आरामखुर्ची आणली. बायको म्हणाली, खुब्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला एवढ्या खोल खुर्चीतून उठता येईल का? म्हटलं, सध्या माझ्यासाठी आहे. ती पुढे काहीच बोलली नाही. बायकोच्या न बोलण्याने कॉर्टिसॉल वाढतं का, हे डॉक्टरांना विचारायला हवं.

१६ मार्च
आज एका इमारतीत एका काकूंनी स्वयंपाकघरातल्या अलार्मला फडकं गुंडाळलेलं. तव्यावर जरा धूर झाला की बोंबलतो म्हणे. चांगलं फैलावर घेतलं. म्हटलं, काकू, आवाज बंद केला म्हणजे आग लागायची थांबते का? त्यांनी निमूटपणे फडकं सोडलं.

जिन्यात फोन पाहिला. ताईचे मिस्ड कॉल. खाली मेसेज: जमेल तेव्हा कर, घाई नाही. घाई नाही हे तिचेच शब्द. मेसेज जपून ठेवलाय, उद्या कोणी बोललं तर हाताशी असावा.

जेवण गेलं नाही. तोंड आलेलंच. त्या काकूंना इतकं बोलायला नको होतं.

२१ मार्च
ठरलं. रविवारी बाबांना आणायचंच. ठरवल्याबरोबर खाज थांबली! म्हणजे निर्णय घेणं हेच खरं औषध. अंमलबजावणीचं नंतर बघता येतं.

२४ मार्च, रविवार, सकाळ
खाज परत. ताईला मेसेज केला: माझी इम्युनिटी खालावली आहे, बाबांना माझ्यामुळे काही व्हायला नको. वाचून मलाच माझं कौतुक वाटलं. किती विचार करतो मी बाबांचा.

दुपार
तिचं उत्तर: सांभाळ स्वतःला. मी आहे.

आरामखुर्चीत बसून 'मी आहे' वाचत राहिलो. कोपर रक्त येईपर्यंत खाजवलं. कसं ते कळलं नाही.

२८ मार्च
ताईला नागीण झालीय. कमरेपासून पाठीपर्यंत फोड. कपडा लागला तरी आग होते. बायकोने फोन केला तेव्हा कळलं. मला सांगू नका म्हणून ताईने घरात सगळ्यांना बजावलेलं. का, तर त्याला ताण नको, त्याची इम्युनिटी कमी आहे.

तडक डॉक्टरांकडे गेलो. माझ्यासाठी नाही. ते म्हणाले, कांजिण्या झालेल्या माणसाच्या अंगात तो विषाणू वर्षानुवर्षं झोपून राहतो. प्रतिकारशक्ती ढिली पडली की उठतो. विचारलं, ताणामुळे? म्हणाले, असू शकतं, पण ताणामुळेच असं छातीठोक सांगता येत नाही. हे शेवटचं वाक्य मी त्यांच्याकडून पुन्हा म्हणवून घेतलं. तरी बरं वाटलं नाही.

२९ मार्च
बाबांना घेऊन आलो. ताई कुशीवर पडलेली. तशातही बाबांच्या औषधांची पिशवी तिनेच भरून ठेवलेली. मी म्हटलं, ताई, माझं चुकलं. ती म्हणाली, ते राहू दे, तुझं तोंड बरं झालं का?

बरं झालंय. तेही सांगायची लाज वाटली.

गाडीत बाबा आपल्याच नादात बोलत होते. म्हणाले, कांजिण्या आधी तुला झाल्या होत्या. तापात तू ताईचा हात सोडेनास. शाळा बुडवून पोर तुझ्या उशाशी बसली आणि मग तिलाही झाल्या.

म्हणजे विषाणूसुद्धा माझ्याकडूनच गेलेला. तेव्हापासून तिच्या अंगात गुपचूप झोपून होता. त्याला उठवायलाही मीच.

घरी बाबा हौसेने आरामखुर्चीत बसले आणि त्यांना उठता येईना. बायकोने आणि मी मिळून उठवलं. खुर्ची बाहेर काढली, पलंग लावला.

फोन सायलेंटवरून काढला. आवाज पूर्ण वाढवून उशाशी ठेवलाय. ताईचा फोन आला नाही. झोप लागली असेल तिला.