दहावा ठिपका

प्रिय ताई,

मुद्दाम मोठं अक्षर काढतेय. तू बोट ठेवून सावकाश वाचतेस, आणि फोनवर हे बोलायला जीभ रेटत नाही.

तुझे पाय कसे आहेत? काल कितीतरी दिवसांनी आमच्या बसच्या कार्यालयात सगळ्या खुर्च्या भरल्या. साथीत मी हे काम घरी, तुझ्या इस्त्रीच्या टेबलावर करायचे, आठवतं? शहराच्या नकाशावर माणसांच्या स्मार्टफोनचे ठिपके. ते कुठून कुठे जातात हे बघून बस कुठे सोडायच्या ते ठरायचं. पहिल्याच आठवड्यात उंच इमारतींमधले ठिपके जागच्या जागी थिजले. आपल्या वस्तीतले मात्र रोज सकाळी निघायचेच. साहेब म्हणाले, "तुमच्याकडची माणसं ऐकत नाहीत वाटतं." मी पुढची यादी उघडली. घरातली पहिलीच शिकलेली ना मी. वाटायचं, तोंड उघडलं की खुर्ची जाईल.

अण्णा मात्र येईल त्याला सांगायचे, "आमची धाकटी घरात बसून अख्खं शहर बघते!" तू हसायचीस, "मग मलाही बघ की गं, चादरी धुताना." इस्पितळाच्या धुलाईघरात तेव्हा चादरींचे ढीग छताला टेकले होते.

अण्णा गेले त्या दिवशी मी तुला अकराला फोन केला. बसने वीस मिनिटांचा रस्ता. पण इस्पितळाच्या मागच्या दारासमोरचा थांबा आठवड्यापूर्वीच बंद झालेला. आठवडाभर तू चालत येत होतीस आणि घरात अवाक्षर काढलं नव्हतंस. त्या दुपारी दीड तास चाललीस, ओल्या रबरी चपलांवर. अण्णांनी दोनदा विचारलं, "थोरली आली का गं?" तू दारात पोचलीस तेव्हा त्यांना जाऊन बारा मिनिटं झाली होती. काकू अजून चारचौघांत म्हणते, "थोरली असून वेळेला नाही आली." तू मान खाली घालून म्हणतेस, "मीच भराभर चालायला हवं होतं." आणि मग इस्पितळाजवळच खोली घेऊन राहिलीस.

ताई, तो थांबा मी बंद केला. दहापेक्षा कमी ठिपके असले की थांबा गाळायचा, असा नियम होता. यादीत नावं नव्हती, नुसते क्रमांक. एका क्रमांकापुढे नऊ ठिपके. चूक नको म्हणून तीनदा मोजले आणि फुली मारली. काल बंद थांब्यांची यादी परत आली, या वेळी नावांसकट. तेव्हा कळलं तो क्रमांक कुठला ते. तुझ्या बटणांच्या फोनचा ठिपका पडत नाही. तुझा चांगला फोन तू मला दिला होतास, परीक्षेसाठी. तो ठिपका दिवसभर घरीच होता, इस्त्रीच्या टेबलापाशी. दहावी तू होतीस.

रविवारी सगळे घरी जमतील, तेव्हा काकूसमोर मी हे सांगणार आहे. पण आधी तुला कळावं म्हणून लिहितेय. रागाव, महिनाभर बोलू नकोस. फक्त भराभर चालायला हवं होतं, असं परत कधी म्हणू नकोस.

तुझीच, अजून तुझ्या मागे मागे येणारी,
शेपूट