गेदरबाईंची पळी

१२ जानेवारी १९५६
झालं! रेकॉर्ड कंपनीचे झेल्डिनसाहेब स्वतः आमच्या जिन्यात आले, गाणं ऐकलं आणि म्हणाले, रेकॉर्ड काढू! खरी रेकॉर्ड, मधे भोक असलेली!
लॉनीने लगेच केसांवरून कंगवा फिरवला. मुख्य गाणारा तोच ना! रेकॉर्डवर केस दिसत नाहीत हे त्याला कोण सांगणार.

१३ जानेवारी
नाव हवंय. हार्लेममध्ये चौकाचौकात पोरं गातात आणि जो तो एकेका पक्ष्याचं नाव पकडून बसलाय. चांगले पक्षी संपले. उरले टर्की आणि पेलिकन.
हार्लन (जुळ्यांतला थोरला, अकरा मिनिटांनी) म्हणाला, "पेलिकन गातो तरी का?"
हार्वे म्हणाला, "गात नाही, पण तोंड केवढं! लॉनीला शोभेल."
ठरलं. आम्ही पेलिकन्स.

१६ जानेवारी
जिन्यात तालीम. दुसऱ्या मजल्याच्या वरच्या वळणावर आवाज काय घुमतो! मी, खालच्या सुरातलं डूम-डूम करणारा, नेहमीच्या जागी, वाफेच्या पाइपाला पाठ लावून. अख्ख्या इमारतीत मेला तोच एक गरम असतो. लॉनी वरच्या पायरीवर, अर्थात.
आणि अर्थात खालून — ठण! ठण! दुसऱ्या मजल्यावरच्या गेदरबाई. आम्ही तोंड उघडलं की या पळीने पाइप बडवणार. माफी मागायला जावं तर कितीही दार वाजवा, उघडत नाहीत. रस्त्यात भेटल्या तर सारख्या तोंडाकडे टक लावून बघतात. माझ्या दातात भाजी अडकलीय की काय!
लॉनी म्हणतो, "म्हातारीचं आपण काय घोडं मारलंय?"

२१ जानेवारी
वाईट झालं. साहेब म्हणाले, तिघंच गातील. खालच्या सुरासाठी त्यांच्याकडे बास वाजवणारा माणूस आहे, मोठ्ठा लाकडी बास घेऊन येतो.
मला म्हणाले, "तुझं ते डूम-डूम ऐकू कुणाला येतं, बाळा?"
लॉनी बुटांकडे बघत राहिला. मी म्हटलं, चालेल. का म्हटलं? गाढव आहे मी, गाढव! आईला सांगायचं धाडस होत नाही. तिने सगळ्या चर्चभर करून ठेवलंय — आमचा थर्मन रेकॉर्डवर येतोय.

२२ जानेवारी
चर्चमध्ये सात जणींनी अभिनंदन केलं. मी सातही वेळा थँक्यू म्हटलं.

२८ जानेवारी
स्टुडिओत गेलो. कोट धरायला! तिघांचे आणि बासवाल्याचा, चारही कोट माझ्या हातावर.
सोळा वेळा गायले. लॉनी पुढे पळतो, जुळे मागे रेंगाळतात. साहेब लाल. "जिन्यात तर बरे गात होतात!"
हार्लन म्हणाला, "जिन्यात गेदरबाई ठोकतात ना."
सगळे हसलो. मग हसायचे थांबलो. खरंच की! वर्षभर बाई आम्हाला ताल देतायत आणि आम्ही त्यांना शिव्या!
साहेब म्हणाले, "मला वाटलं पाइपच खडखडतोय! आणा त्यांना पुढच्या शनिवारी. नाही जमलं तर ब्रुकलिनची पोरं तयार बसलीत."

३० जानेवारी
पुन्हा दार वाजवलं, पुन्हा शुकशुकाट. दाराखालून चिठ्ठी सरकवली. तासाभराने तीच चिठ्ठी परत आली. मागे लिहिलेलं — "टोपी कुठली घालू?"

४ फेब्रुवारी
बाई चर्चची पिसांची टोपी घालून आल्या. पेलिकन्समध्ये खरा पक्षी त्याच! पर्समधून पळी काढली, कोपऱ्यातल्या वाफेच्या लोखंडी हीटरजवळ बसल्या, त्याच्यावर तळवा ठेवला.
गाणं सुरू झालं. बाई ढिम्म. पुन्हा सुरू. ढिम्म. साहेब पुढ्यात येऊन ओरडले, "अहो, ठोका ना बाई!"
बाईंनी पळी माझ्यावर रोखली. "त्या कोटवाल्याला इथे टेकवा. नाहीतर मी चालले घरी."
का, ते सांगेनात. साहेब कपाळ बडवत म्हणाले, बस बाबा, बस! मी कोटांसकट हीटरला पाठ लावून बसलो. डूम — ठण! डूम-डूम — ठण! लॉनी पळेना, जुळे रेंगाळेनात. दुसऱ्या खेपेला जमलंसुद्धा! बासवाला बास आडवा ठेवून सिगरेट ओढत बसला.
मी आहे! रेकॉर्डवर मी आहे!!

२ मार्च
रेडिओवर वाजलं! आई रडली. लॉनीने कंगवा फिरवला. सगळी गल्ली म्हणते, काय गोड आवाज आहे लॉनीचा! माझं कुणी नावही काढलं नाही. मला काही वाटत नाही. खोटं. वाटतं.

३ मार्च
गेदरबाईंना रेकॉर्ड द्यायला गेलो. आज दार उघडंच होतं. बाईंनी जुना फोनोग्राफ काढला, रेकॉर्ड लावली आणि त्याच्या लाकडी पेटीवर तळवा ठेवून डोळे मिटले. मी मागून विचारलं, "आवडलं का?" उत्तर नाही. पुढे जाऊन विचारलं. माझ्या तोंडाकडे बघून म्हणाल्या, "हो तर! कान गेले रे, पोरा, चार वर्षं झाली. कुणाला बोलू नकोस."
मी म्हटलं, मग जिन्यातलं आमचं गाणं?
"त्या केसवाल्याचे नुसते ओठ हलतात. पाइपातून येतोस तो तू एकटा."