दादाच्या गाडीचा वाजवी भाव

४ जुलै
सकाळी वहिनींचा फोन. घराचा व्यवहार झाला, ऑगस्टअखेर त्या लेकीकडे राहायला जाणार. नवे मालक शेड पाडणार आहेत, त्यामुळे दादाची गाडी त्याआधी विकायला हवी. म्हणाल्या, भावजी, तुम्ही जन्मभर गाड्याच तपासल्यात, तुम्हीच भाव काढा आणि चांगलं गिऱ्हाईक बघा.

योग्य माणसाला सांगितलं. विमा कंपनीत सर्व्हेअर होतो मी. ठोकलेली गाडी नुसती बघून मालक कुठे थापा मारतोय ते सांगायचो. दादाला जाऊन सहा महिने झाले. गाडी तेव्हापासून शेडमध्येच. क्रीम कलर, गोल दिवे, मूळचा रेडिओ. अशी आता शोधून सापडायची नाही. दोन दिवसांचं काम.

संकल्प: भाऊ वेगळा, भाव वेगळा. भावनेला शून्य मार्क.

५ जुलै
तपासणी केली. लोहचुंबक घेऊन गेलो होतो. जिथे पत्रा खरा तिथे चिकटतो, जिथे पुट्टी भरलीय तिथे पडतो. डाव्या दारावर दोनदा पडला. तिथे दादाने फाटकाचा खांब घासला होता आणि घरी येऊन खांबच बाहेर आलाय असं सांगितलं होतं. हा दोष धरला नाही. हा इतिहास आहे.

दारांखाली गंज: वाजवी झीज. डॅशबोर्डला तडा: वाजवी झीज. इंजिन चालू करून बघितलं नाही, बॅटरी उतरलेली. पण या इंजिनाबद्दल माझी खात्री आहे.

मग सीट तपासायला आत बसलो. डावीकडे, माझ्या जागेवर. सीटचं परीक्षण घाईने करू नये. वहिनी चहा घेऊन आल्या तेव्हा कळलं, दुपार झाली होती.

एकूण अवस्था: उत्तम.

६ जुलै
बाजारात चौकशी करून भाव काढला. मग एकमालकी म्हणून थोडा वाढवला. मग रेडिओ मूळचा म्हणून. मग मालक कोण होता ते लक्षात घेऊन.

बायकोला आकडा सांगितला. म्हणाली, एवढ्यात गाडीसकट ड्रायव्हर येईल. तिला व्हिंटेज बाजार कळत नाही.

११ जुलै
पहिलं गिऱ्हाईक: दातांचा डॉक्टर. स्वतःचा लोहचुंबक घेऊन आला होता. मला हा उद्धटपणा वाटला.

काचा खाली करा म्हणाला. मी नाही म्हटलं. दारंही उघडू नका म्हटलं, कडेचं रबर जुनं आहे, फाटेल. हे कारण तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. दुसरं कारण असं की गाडीत अजून दादाचा वास आहे. लवंग, केसांचं तेल आणि जुनं लेदर. दार उघडलं की तेवढा कमी होतो. मी स्वतः आत जाताना अंग चोरून जातो आणि लगेच दार लावतो. मूळचा रेडिओ असतो तशी ही मूळची हवा. भावात धरायला हवी.

डॉक्टर काचेतूनच बघत राहिला. तोंड न उघडणाऱ्या पेशंटकडे बघावं तसा. तरी त्याने बरा आकडा सांगितला. कळवतो म्हटलं. वहिनींना सांगितलं, माणूस सीरियस नाही.

१९ जुलै
दुसरं गिऱ्हाईक. जुन्या गाड्या जमवणारा, पांढरे बूट. जाळी बदलणार, रंग बदलणार, सीट फाडून लाल करणार. सीट लाल! मी गाडीला मोठा अपघात झालेला आहे असं सांगितलं. तो गेला.

वहिनींच्या हिताचं बघायला कोणीतरी हवंच.

२ ऑगस्ट
पाऊस थांबत नाही. रोज देखभालीला जातो. देखभाल म्हणजे डावीकडे बसून लक्ष ठेवणं. दादा असता तर म्हणाला असता, बसलायस काय, निघायचंय का. त्याने मला कधी स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. म्हणायचा, तू गाड्या तपास, चालवायला मी आहे.

वहिनी हलकेच म्हणाल्या, गिऱ्हाईक मिळत नाहीये का, भावजी? बाजार थंड आहे म्हटलं.

संकल्प: सोमवारपासून भाव कमी करायचा.

७ ऑगस्ट
सोमवार होऊन गेला. भाव कमी केला नाही. घाईत विकणं म्हणजे वहिनींचं नुकसान. कोणीतरी डोकं शांत ठेवायला हवं.

१२ ऑगस्ट
बायको आज बरोबर आली. नको म्हणत होतो. तिने सरळ दार सताड उघडलं आणि लागोपाठ शिंकली. म्हणाली, अहो, केवढी बुरशी ही.

मी तिला समजावलं की हा दादाचा वास आहे. तिने मागच्या सीटवरून हात फिरवला आणि माझ्यापुढे धरला. तळवा हिरवा-पांढरा. पायाखालचं कार्पेट उचललं, खाली पाणी. दाराचं रबर मी इतकं जपत होतो, ते आधीच फाटलेलं, पाऊस तिथूनच आत येत होता. लेदरला बोट लावलं तर शिवण उसवली. ती हळूच म्हणाली, हा दादांचा वास नाही हो.

मी चारही काचा खाली केल्या. मग आत बसून नीट वास घेतला. ओल्या पोत्याचा होता.

मालकाच्या हलगर्जीपणामुळे झालेलं नुकसान: क्लेम नामंजूर. हे वाक्य मी किती जणांच्या फाइलवर लिहिलं असेल.

दादाचा वास कोणत्या दिवशी गेला ते मला कळलंच नाही. मी रोज तिथेच बसलेलो होतो.

२५ ऑगस्ट
वहिनींनी परस्पर गिऱ्हाईक ठरवलं. त्यांच्याच रस्त्यावरचा बेकरीवाला. बुरशी चालेल म्हणाला, घरीच साफ करीन. भाव तो म्हणेल तो.

मी गेलो भांडायला. म्हटलं, निदान मला विचारायचं होतं, डॉक्टरने याच्या दुप्पट दिले असते. वहिनी म्हणाल्या, माहीत आहे, डॉक्टरांनी मला जुलैतच फोन केला होता. भावजी गाडीला हात लावू देत नाहीत म्हणाले.

मग का नाही विकली, विचारलं. त्यांनी हातातला खोका बांधून बाजूला ठेवला. म्हणाल्या, स्वयंपाकघराच्या खिडकीतून शेड दिसते. तुम्ही रोज येऊन बसायचात. पाठमोरे तुम्ही अगदी यांच्यासारखे दिसता. भाजी चिरताना मान वर केली की गाडीत कोणीतरी असायचं. म्हणून मीही गप्प बसले.

दोघांनी मिळून खोके बांधले.

३० ऑगस्ट
बेकरीवाला नवी बॅटरी घेऊन आला. मी त्याला बजावलं की सात-आठ महिने उभं असलेलं इंजिन असं सहज चालू होत नसतं. लगेच चालू झालं.

वहिनींनी बॉनेटवर हात ठेवला, काढला आणि आत गेल्या. बेकरीवाला स्टिअरिंगवर बसला. मी डावीकडचं दार उघडून आत बसलो. का, ते सांगता येणार नाही. इंजिन चालू झालं की मी तिथे बसतो, इतकंच. दार लावल्यावर लक्षात आलं की गाडी त्याची आहे आणि मला कुठे जायचं नाहीये. त्याने माझ्याकडे बघितलं. उतरा म्हणाला नाही. काका, घरी सोडू का, एवढंच विचारलं.

सावकाश चालवत होता. दादासारखा हॉर्न वाजवत नव्हता, शिव्याही देत नव्हता. वाटेत म्हणाला, गाडी फार छान ठेवली होती हो तुमच्या भावाने. मी होय म्हटलं आणि खिडकीबाहेर बघत बसलो. रडताना काच खाली असलेली बरी, हवा लागते.

माझ्या दाराशी उतरलो. दादा मी कुलूप उघडून आत जाईपर्यंत थांबायचा, साठीच्या भावालाही. आज वळून बघितलं तर गाडी कोपऱ्यावर पोचली होती.

बायकोने विचारलं, झालं का सगळं? झालं म्हटलं. जानेवारीत सगळ्यांना मीच फोन करून कळवलं होतं, धीर दिला होता, पाहुण्यांचं बघितलं होतं. माझा दादा आज गेला.