सरळ केलेली हनुवटी

प्रिय बाबा,

माझं तोंड तारेने बांधलंय. वरचे दात खालच्या दातांना बांधून ठेवलेत, त्यामुळे बोलता येत नाही. आईशी, यांच्याशी, नर्सशी सगळं माझ्या लेकीच्या, पिहूच्या पाटीवर लिहून चाललंय. पण तुमच्याशी जे भांडायचंय ते पाटीवर मावणार नाही. आणि वेळही नाही. संध्याकाळी डॉक्टर मॅडमना उत्तर द्यायचंय, उद्या सकाळी ऑपरेशन.

तुम्ही असता तर आधी स्कूटीवरूनच बोलला असता. हथखोजहून, कामावरून सुटून घरी येत होते, कुरुदच्या वळणावर गाय आडवी आली. डोक्यावर हेल्मेट होतं, पण हनुवटी उघडी राहणारं. खालचा जबडा दोन ठिकाणी तुटला आणि डाव्या गालाचं हाड आत बसलं. जीव वाचला म्हणून आईने नारळ बोलला. मी आरसा मागितला तर कुणी देईना.

चेहरा पुन्हा कसा बांधतात, माहीत आहे? गाल सोपा, मॅडम म्हणाल्या. उजवा गाल शाबूत आहे, कॉम्प्युटरवर त्याचं प्रतिबिंब डावीकडे ठेवायचं आणि हाड तिथवर उचलायचं. जबड्याला मात्र दात विचारावे लागतात. इतकी वर्षं चावून चावून दात एकमेकांवर घासलेले असतात, त्या खुणा जुळल्या की हाड कुठे होतं ते आपोआप कळतं. मग धातूच्या पट्ट्या आणि बारीक स्क्रू. सगळं तोंडाच्या आतून. भूल देण्याची नळीसुद्धा नाकातून घालतात, कारण दात मिटलेले हवेत. तुम्ही हे किती मन लावून ऐकलं असतं! प्लांटमध्ये कुठलं मशीन उघडलं की घरी येऊन ताटातल्या पोळीवर दाखवायचात.

पण मॅडमनी अपघाताआधीचा फोटो मागितला, आणि तिथेच घोटाळा झाला. समोरून काढलेला, चेहरा नीट दिसणारा. यांनी अख्खा मोबाइल पालथा घातला. माझा एकही फोटो समोरून नाही, बाबा! सगळ्यांत मान उजवीकडे वळवलेली. कुणी शिकवलं होतं? शेवटी आईने कपाटातून लग्नासाठी काढलेला फोटो आणून दिला. चांगला आहे म्हणून.

चांगला असणारच. तुम्हीच स्टुडिओवाल्याच्या डोक्यावर उभं राहून कॉम्प्युटरवर माझी हनुवटी सरळ करून घेतली होती. मी खुर्चीत बसून पाहत होते. त्याने विचारलं, इतकी पुरे का? तुम्ही म्हणालात, अजून थोडी.

मॅडमनी तो फोटो समोर ठेवून आखणी केली. मग माझ्या दातांचे प्लास्टरचे साचे घेतले, खालचा साचा जिथे जबडा तुटलाय तिथेच करवतीने कापला आणि खुणेवर खूण बसवली. दात अगदी चपखल बसले, आणि हनुवटी गेली डावीकडे. त्यांना वाटलं साचाच चुकला. तारा सोडून पुन्हा माप घेतलं. काय दुखलं म्हणून सांगू! पुन्हा तेच. तेव्हा मी पाटी ओढली आणि लिहिलं, "फोटो खोटा आहे."

आई खिडकीबाहेर बघत राहिली.

आता मॅडम म्हणतात, दात होते तसेच बसवू, त्याला पर्याय नाही, नाहीतर आयुष्यभर नीट चावता येणार नाही. पण हनुवटीचा पुढचा तुकडा वेगळा सोडवून मधोमध आणता येईल. उघडणारच आहोत, तर हवं का, एवढंच सांगा.

यांनी सगळं माझ्यावर सोडलंय, म्हणजे काहीच मदत नाही. आई मात्र ठाम आहे. "देवानं मोका देला बाई, आता कावून इचार करून राहिली? तुह्या बाबाचा जीव यातच अटकला होता."

अडकला होता का, बाबा? मला का नाही सांगितलंत? प्लांटमध्ये भट्टीसमोर, मे महिन्यात, सगळे घामाने हैराण असताना तुम्ही भरगच्च दाढी ठेवायचात. मला ती हौस वाटायची. आजोबा गेले आणि भंडाऱ्याला तुमचं मुंडन झालं, तेव्हा नदीवरून परत येताना पहिल्यांदा तुमची हनुवटी पाहिली. माझीच होती! मी केवढी खूश झाले होते. धावत आले तर तुम्ही दुपट्टा तोंडावर ओढलात. मला वाटलं रडताय.

राग येतो तुमचा. दुपारपासून कॉरिडॉरच्या किती फेऱ्या मारल्या. एकदा वाटतं, करून टाकावी सरळ, सुटेन एकदाची. लगेच वाटतं, कशातून सुटेन? त्या हनुवटीने माझं वाईट काय केलं होतं?

मघाशी पिहू आली होती. आजीने तिला सांगून ठेवलेलं, मम्मी आता फोटोतल्यासारखी होणार. ती माझ्या पलंगावर चढली, सुजलेल्या गालाला हात न लावता हनुवटीवर एक बोट ठेवलं. दुसरं स्वतःच्या हनुवटीवर. तिचीही डावीकडेच आहे, तुम्ही तिच्या बारशालाच पाहिलं होतं आणि स्वतःच्या दाढीवर हात नेला होता. ती म्हणाली, "तुही सीधी झाली, त मेरी किसके जैसी रहेगी?"



तुम्ही तर गेलात. मीही सरळ झाले तर ती एकटीच उरते, बाबा. मग तिलाही मान वळवायला शिकवायचं का? की दाढीच्या ऐवजी ओढणी?

नाही. मॅडम आल्या की सांगणार आहे, हनुवटी होती तिथेच बसवा. आई रुसेल, रुसू दे. भीती वाटतेय, उद्याची फार भीती वाटतेय, पण याची नाही.

आणि तुम्हाला एक वचन देते. पिहूला कुणी विचारलं, ही हनुवटी कोणाची, तर ती माझ्याकडे बोट दाखवेल, आणि मी तुमचं नाव सांगेन. या तारा सुटल्या की मोठ्याने सांगेन.

तुमचीच,
वैशू