उर्वीला डिझेलच शिकायचंय

३ सप्टेंबर

लहानपणी बाबा रेल्वेच्या लोको शेडमधून आले की आम्ही दोघं मोरीपाशी उभे. हृषीकेशच्या हातात तांब्या, माझ्या हातात साबण. आधी घासलेट, मग लाकडाचा भुसा, मग साबण. तरी नखांच्या कडा काळ्याच! बाबा ओल्या बोटाने आमच्या नाकांना डिझेलचा वास लावायचे. आई ओरडायची, आम्ही खिदळायचो.

तोच हृषीकेश आज जेवताना म्हणाला, "माझी मुलगी हात काळे करणार नाही."

माझा घास तोंडातच राहिला. त्याची बायको सुनीता भाताकडे बघत बसली. उर्वी उठून गेली — ताट तसंच.

माझा धाकटा भाऊ! तांब्या धरणारा!

४ सप्टेंबर

रात्रभर राग. सकाळी नीट विचार केला.

उर्वी बारावी झाली. तिच्या बापाला पॉलिटेक्निकचा डिप्लोमा हवाय. तीन वर्षं, मग त्याच्याच कंपनीत पंख्याखालची खुर्ची. उर्वीला हवंय आयटीआय, डिझेल मेकॅनिकचा ट्रेड, एका वर्षाचा. तेही इथे झाशीत नाही — कानपूर रस्त्यावरच्या मोठ गावात. तिथे सकाळी वर्ग आणि दुपारी गयादीन मिस्त्रींच्या ट्रॅक्टर वर्कशॉपात प्रत्यक्ष काम. मिस्त्रींनी हो म्हटलं तर या महिन्यात प्रवेश. नाही म्हटलं तर डिप्लोमा.

"आत्या, डिप्लोमात इंजिन फळ्यावर असतं ना. मला उघडलेलं पाहिजे."

पोरीचं मराठी निम्मं हिंदी, पण हे वाक्य अगदी चोख आलं.

हात धुवायला ती वरच्या मजल्यावर माझ्याच मोरीवर यायची. सीपरी भागातल्या जनरेटरवाल्याकडे काम शिकत बसली होती सगळी सुट्टी. खाली सांगायचं, टायपिंगचा क्लास! मला माहीत होतं. मी गप्प राहिले. बरंच केलं.

६ सप्टेंबर

हृषीकेश वर आला. "ताई, तू कॉन्व्हेंटात शिकलीस. तुला तरी शोभतं का हे?"

कॉन्व्हेंटात सिस्टर ॲग्नेस आम्हाला गुडघे जुळवून बसायला शिकवायच्या. साठी उलटली, अजून जुळलेले आहेत. काय मिळालं? उर्वीने वाटेल तसं बसावं. ट्रॅक्टरखाली आडवं पडावं!

त्याला एवढंच म्हटलं, "मला शोभतं. चहा घेणार?"

घेतला नाही.

९ सप्टेंबर

शेजारच्या गुप्ताइनजी गच्चीवरून — "दीदी, सुना है बिटिया ट्रक ठीक करेगी?"

"जी हाँ. आपका स्कूटर भी ले आइएगा."

दिवसभर मजेत होते.

१७ सप्टेंबर

आज माझ्या हातून केवढा वेडेपणा झाला!

मिस्त्रींनी उर्वीचं काम बघावं म्हणून तिला घेऊन मोठला गेले. सकाळची बस. वर्कशॉपच्या दाराला झेंडूची माळ, आत उदबत्ती. पाने, जॅक, हातोड्या सगळं धुऊनपुसून मांडलेलं, वर टिळे. विश्वकर्मा पूजा! आज कुणी अवजाराला हात लावत नाही. मी रेल्वेवाल्याची मुलगी, बाबांच्या शेडमधला याच तारखेचा प्रसाद खाऊन वाढले — आणि घरातलं मराठी कॅलेंडर बघून दिवस ठरवला. आमच्या घरी अवजारं खंडेनवमीला पुजतात, म्हणून हा दिवस डोक्यातच आला नाही.

गयादीन मिस्त्री सत्तरीचे असावेत. हातावर बुंदी ठेवली आणि म्हणाले, "बहनजी, आज का देखें? आज तो पाना भी नहीं उठेगा."

निघणार, इतक्यात एक शेतकरी ट्रॅक्टर घेऊन आला. इंजिन अडखळत होतं, खोकल्यासारखं. मिस्त्रींनी हात जोडले — कल आना. तो बिचारा गयावया करायला लागला.

उर्वीने चपला काढल्या. "दादाजी, औज़ार नहीं छुऊँगी. खाली हाथ लगाऊँ?"

मिस्त्री हसले. "ए मोड़ी, खाली हाथ से का करोगी?" मोड़ी म्हणजे पोर, इकडच्या बोलीत. बाकीचे कारागीरही बुंदी खात बघायला आले.

इंजिन चालूच होतं. डिझेल नेणाऱ्या बारीक नळ्या तिने एकेक करून दोन बोटांत धरल्या. वैद्य नाडी बघतो तशी! डोळे मिटलेले. शेवटच्या नळीवर थांबली, परत पहिली धरली, परत शेवटची.

"ये वाली ठीक से नहीं धड़क रही. नोज़ल गई है."

मिस्त्रींनी स्वतःची बोटं लावली. एवढंच म्हणाले, "कल खोलेंगे. फ़ोन करूँगा."

बसमध्ये उर्वीने माझा हात धरला. बोटांना डिझेलचा वास. मी तोंड खिडकीकडे केलं. वारा फार होता, म्हणून डोळ्यांत पाणी.

१८ सप्टेंबर

संध्याकाळी फोन आला. उर्वीने स्पीकर लावला. खाली हृषीकेशही ऐकत असावा — टीव्हीचा आवाज बंद झाला.

"नोज़ल नहीं थी बिटिया. पंप का वॉल्व था."

तिचा चेहरा पडला.

"पर पाइप सही पकड़ा. कारण हम सिखा देंगे."

मी किंचाळलेच! सिस्टर ॲग्नेस, माफी!

पण मिस्त्रींचं बोलणं संपलं नव्हतं. कटाईच्या, म्हणजे कापणीच्या दिवसांत ट्रॅक्टर दिवेलागणीनंतरही येतात, तोवर झाशीची बस निघून जाते. "रहेगी कहाँ? अकेली लड़की की ज़िम्मेदारी हम नहीं लेंगे. घर का कोई साथ हो, तो भेजिए."

जिन्यात हृषीकेश उभा होता. "बघ, मिस्त्रीच नाही म्हणाले. झालं! उद्या डिप्लोम्याला नाव घालतो."

उर्वी रडली नाही. ते जास्त लागलं.

१९ सप्टेंबर

मिस्त्री नाही म्हणाले नाहीत. घरचं कोणीतरी हवं, म्हणाले. हृषीकेशने अर्धंच ऐकलं.

२१ सप्टेंबर

मोठला वर्कशॉपच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या भाड्याने घेतल्या. परवा आम्ही दोघींनी निघायचं. उर्वीला अठरा पूर्ण आहेत, प्रवेशावर सही तिची तीच करेल.

फ्रिज सुनीताला. शिलाई मशीन गुप्ताइनजींना — टोमणे मारतात, पण मी आजारी होते तेव्हा खिचडी त्यांच्याच घरून यायची. इंग्रजी गोष्टींची पुस्तकं शाळेला. तुळस आणि देव हृषीकेशला. रोज वर यावं लागेल त्याला. खोली रिकामी दिसेल. दिसू दे!

माझा मोठा पलंग कुणालाच नाही. तो टेम्पोत चढवायचा. पोर दमून येईल.