एका देवाचा माणूस, मुक्काम येरमेटोला

१ ऑक्टोबर, मंगळवार
पहाटे ५ वाजता (ठरवलेली वेळ). प्रत्यक्षात ७.४०.

आजपासून रोजनिशी. संकल्प: पहाटे उठून प्रार्थना. रोज दहा गोंडी शब्द. कुरकुर पूर्ण बंद.

उशीर माझ्यामुळे झाला नाही. इथला कोंबडा बेशिस्त आहे, रात्रभर आरवतो आणि पहाटे झोपतो.

रिचर्डचा फोटो आला. केनिया. मागे जिराफ. आम्ही बायबल कॉलेजात एकाच बेंचवर. त्याला आफ्रिका आणि मला एटापल्ली तालुका. नगरच्या आमच्या मंडळीत निरोपाच्या दिवशी माझ्या गळ्यात हार घालताना सेक्रेटरींनी विचारलं होतं, पासपोर्ट काढलास का? मी नुसता हसलो. पण खरं सांगायचं तर हाही परदेशच. भाषा कळत नाही, रेंज टेकडीवर चढल्यावर मिळते, आणि सूरजागडच्या लोहखाणीच्या ट्रकांमागे बस अशी अडकते की रिचर्डचं विमान दोनदा जाऊन येईल. ही कुरकुर नव्हे. माहिती.

वर्षाची सेवा आहे. डिसेंबरात आम्हाला पाठवणाऱ्या मंडळाचे प्रमुख, चंद्रपूरचे उजागरे साहेब, स्वतः पाहायला येणार. त्यांचं समाधान झालं की माझी दीक्षा, म्हणजे मी रेव्हरंड. दीक्षा झाली की लग्न. रिना त्यांचीच मुलगी. साखरपुडा झालाय. दीक्षेशिवाय लग्न नाही, ही त्यांची अट. म्हणजे सगळं माझ्या हातात आहे. प्रभूच्या हातात. माझ्यामार्फत.

गोंडी शब्द आज: एक. तोही विसरलो.

६ ऑक्टोबर, रविवार

उपासनेला अंगण गच्च!

मी जंगूभाऊंच्या ओसरीत राहतो. ते इथले गायता, गावाच्या देवाचं सगळं तेच बघतात. अशा माणसाच्या अंगणात मी पेटी वाजवतो आणि ते स्वतः पुढे मांडी घालून बसतात. रिचर्डच्या जिराफाने हे बघायला हवं होतं.

बायका सोबत सुपं आणतात, तांदूळ निवडतात. म्हणजे काम बुडालं तरी चालेल पण उपासना नको. एक आजोबा पहिल्या गीतापासून डोळे मिटून. किती एकाग्रता! शेवटी मात्र त्यांना हलवून उठवावं लागलं.

दुभाषा म्हणून जंगूभाऊंचा भाचा दिनेश. अहेरीला बारावी केलेला, गावात पिठाची गिरणी आहे. मी बराच वेळ बोललो, दिनेशने दोन वाक्यांत सांगितलं. गोंडी फारच आटोपशीर भाषा दिसते. मी थांबेपर्यंत एकजण उठला नाही. पुढच्या वेळी आणखी लांब बोलणार.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

टेकडीवर चढून साहेबांना फोन. गाव हलतंय म्हणालो. साहेब म्हणाले, हलतंय म्हणजे काय, नीट सांग. रेंज गेली. (मीच कट केला. पण जाणारच होती.)

रिनाने विचारलं, बाथरूम आहे का? काम चालू आहे म्हणालो. सध्या दगड आहे. दगड म्हणजे पायाच. उद्यापासून बांधायला घेणार.

१९ ऑक्टोबर, शनिवार

पाठ धरली. दगड होता तिथेच आहे.

२७ ऑक्टोबर, रविवार

आजचा दिवस लाल शाईने लिहायला हवा. लाल पेन मिळालं नाही.

उपासना झाली आणि जंगूभाऊंनी पहिल्यांदाच प्रश्न विचारला. बाबू, तुमी किती देवाचे?

कॉलेजात तीन वर्षं या प्रश्नाची वाट पाहिली! उभा राहिलो. एक बोट वर केलं. एकच! म्हणालो. एकाच देवाचा!

मग सगळ्यांनी एकदम सुस्कारा टाकला. बुधरीबाईंनी, म्हणजे जंगूभाऊंच्या बायकोने, तोंडावर हात ठेवला. जंगूभाऊ मान हलवत राहिले. म्हणे, एकच? बापा! चांगल्या घरचा दिसते.

नंतर गिरणीवर दिनेशने समजावलं. त्यांच्यात कोणी चार देवांचे, कोणी पाच, कोणी सहा, कोणी सात. जंगूमामा सात देवांचे, दिनेश सहाचा. एका आकड्याचे सगळे भाऊबंद. त्यांच्यात लग्न नाही. सोयरीक दुसऱ्या आकड्यात करायची. तुमच्या आकड्याचा या भागात कोणीच नाई रूबेनभाऊ, म्हणाला, ना भाऊ ना सोयरा, कसं करान तुमी?

चालीरीतीची माहिती म्हणून ठीक. मी फारसं लक्ष दिलं नाही, कारण मी अजून त्या क्षणातच होतो. बुधरीबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं! माझ्या बोलण्याने आजवर कोणाच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. आईच्या आलं होतं, पण ते गणिताच्या मार्कांमुळे.

२८ ऑक्टोबर, सोमवार

रात्रभर वाटत राहिलं की उत्तर शास्त्रशुद्ध नव्हतं. सकाळी जंगूभाऊंना पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा समजावलं. म्हणजे तीन, पण एकच. दिनेशने सांगितलं. जंगूभाऊ माझ्या खांद्यावर हात ठेवून उठून गेले. दिनेश म्हणाला, मामा म्हणून राह्यले, बिचाऱ्याले घरी कोनी सांगितलंच नाई वाटते.

दुपारी बुधरीबाईंनी न मागता मासळीचं कालवण दिलं. आदर वाढतोय.

१० नोव्हेंबर, रविवार

बुधरीबाईंनी मोबाईलवर रिनाचा फोटो पाहिला. पोट्टी गोरीगोमटी आहे म्हणाल्या. मग विचारलं, किती देवाची?

मी अभिमानाने सांगितलं, एकाच! अगदी माझ्यासारखी. त्यांचं घराणंच पिढ्यानपिढ्या तसं.

मोबाईल सुपात पडला. बाई आत गेल्या त्या बाहेर आल्याच नाहीत. संध्याकाळपर्यंत शेजारच्या बायका एकेक करून यायच्या, दारातून मला बघायच्या, जायच्या. मग जंगूभाऊ येऊन बसले. फार जड आवाजात म्हणाले, बाबू, बहिनीशी लगन कोनी करते का?

मी हसलो. सगळं उलगडून सांगितलं की बाबांनो, आमच्यात सगळेच एका देवाचे, आणि आम्ही आपसातच लग्न करतो. माझे आईवडीलही तसेच.

हे सांगायला नको होतं असं दिनेशचं मत. बुधरीबाई आतून ओरडल्या, सगळेच? सगळेच भाऊ-बहीन?

गावात खळबळ आहे. रात्री चुली उशिरा पेटल्या. जागृतीची सुरुवात खळबळीनेच होते, असं कॉलेजात शिकवलं होतं. उत्तम चाललंय.

२४ नोव्हेंबर, रविवार

उपासनेनंतर मोहाच्या झाडाखाली अख्खं गाव बसलं. मला बोलावलं नाही. दुरून बघत होतो. वाद झाले, म्हातारे तावातावाने उठले, परत बसले. मग सगळ्यांनी एकदम माना डोलावल्या.

दिनेशला गाठलं. म्हणाला, तुमच्याचसाठी बसलो होतो जी. गाव मिळून एक मोठं काम करनार आहे. तुमचे सायेब येतील त्याच दिवशी करू, तुमच्याकडचा एखादा मोठा मानूस पाहिजे ना.

काय काम, हे विचारलंच नाही. कशाला विचारायचं? अख्खं गाव! एकमताने! एकाच दिवशी! रिचर्डच्या पत्रात आजवर दोन माणसं आणि एक बकरी.

धावत टेकडीवर. साहेबांना म्हणालो, पूर्ण गाव निर्णय घेतंय. साहेब म्हणाले, रूबेन, कोणावर दबाव नाही ना? दिवस कसे आहेत ठाऊक आहे ना? मी म्हणालो, साहेब, मी एक शब्द बोललेलो नाही, सगळं तेच करताहेत.

हे अक्षरशः खरं आहे.

रिनाही येणार. बाथरूम!

८ डिसेंबर, रविवार

जंगूभाऊंनी तयारी सांगितली. पंधराला सकाळी उपाशी राहायचं, नदीत बुडी मारायची. नदी त्यांनी स्वतः सुचवली! मी तर बाप्तिस्म्याचा ब सुद्धा काढला नव्हता. पहिली बुडी तुमी मारा, म्हणाले. बरोबर आहे. पाळकाने आधी उतरायचं.

कोंबडा चालते का, असंही विचारलं. प्रीतिभोजनच ते. म्हटलं चालतं. (तो बेशिस्त कोंबडा सुचवला.)

भाषण लिहायला घेतलं. सुरुवात झाली: आजच्या या. पुढचं उद्या.

१५ डिसेंबर, रविवार
संध्याकाळ.

क्रमाने लिहितो.

साहेब आणि रिना ट्रकांच्या धुळीने लाल होऊन पोचले. गाव नटून उभं. ढोल. साहेबांचे डोळे भरून आले. माझ्या पाठीवर थाप मारली, आणि आजवर कधी म्हणाले नव्हते ते म्हणाले, जावई शोभलास.

नदीवर गेलो. पाणी बर्फ. बुडी मारली, वर आलो आणि हात पसरून उभा राहिलो. या म्हणालो. कोणी आलं नाही. सगळे काठावरून कौतुकाने बघत होते. दात वाजायला लागले तरी उभा होतो. शेवटी दिनेश म्हणाला, झालं भाऊ, निघा आता, सर्दी होईन.

मग नवं धोतर. मग गावाच्या देवाच्या ठिकाणी नेलं. जंगूभाऊ गोंडीत काहीतरी म्हणत होते, फार मायेने, मध्येमध्ये माझं नाव. पानावर भात होता. आधी त्यांनी घास घेतला, मग त्याच पानातला मला दिला. मी खाल्ला. ढोल एकदम वाढले, बायका ओरडल्या, म्हातारे येऊन गळ्यात पडले. मलाही रडू आलं. वाटलं, कापणी झाली!

जंगूभाऊंनी साहेबांना विचारलं, तुमी याचे मोठे, तुमची काही हरकत नाई ना? साहेबांना वाटलं स्वागताचं चाललंय. अजिबात नाही म्हणाले, आनंदच आहे.

तेव्हा दिनेशने स्वच्छ मराठीत सांगितलं. आजपासून रूबेनभाऊ सात देवांचे. जंगूमामाचे लहान भाऊ. आता तुमच्या पोरीशी लगन लावाले काही अडचन नाई. पाप लागत नाई. निश्चिंत राहा.

अख्खं गाव रिनाकडे बघून हसत होतं. इतकं मोकळं, इतकं सुटल्यासारखं हसू मी इथे पाहिलं नव्हतं. बुधरीबाईंनी स्वतःची मण्यांची माळ काढून तिच्या गळ्यात घातली.

साहेबांनी मला हळूच विचारलं, तू तो भात खाल्लास?

म्हणालो, उपाशी होतो साहेब.

गावकऱ्यांना ते एक शब्द वावगं बोलले नाहीत. जेवले. हात जोडले. जीपजवळ मला म्हणाले, एवढ्या सेवेत एक माणूस बदलला, रूबेन. तोही आपलाच निघाला.

१६ डिसेंबर, सोमवार

टेकडीवर. साहेब: दीक्षा तूर्त नाही. मंडळ ठरवेल तोवर तिथेच थांब.

मग रिना. परतताना मूल गाव येईपर्यंत मी हसत होते, म्हणाली. मूलला चहा प्यायला थांबलो तेव्हा हसू संपलं. म्हणाली, त्या लोकांनी आपल्या लग्नासाठी महिनाभर डोकं शिणवलं. तू काय केलंस? इथे राहशील का, एवढं तरी मला कधी विचारलंस? बाथरूमचं काम चालू आहे म्हणालास. तिथे एक दगड आहे, रूबेन.

मी म्हणालो, रेंज जातेय. ती म्हणाली, जाऊ दे. अंगठी कुरिअरने येईल. माळ मात्र ठेवणार आहे.

टेकडीवरच बसून रडलो. खूप रडलो, यात लपवायचं काय? बुधरीबाई सरपणाला आल्या होत्या. मोळी टाकून शेजारी बसल्या. लग्न मोडलं एवढं त्यांना कळलं. पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, आमी तं सगळं केलं होतं रे, मंग काऊन?



२२ डिसेंबर, रविवार

सर्दीमुळे उपासना रद्द. खचलेलो नाही. नाताळची उपासना अशी करायची की साहेबांच्या कानावर जाईल. याच अंगणात, याच माणसांपुढे. एवढी माणसं दर रविवारी येतात, बसतात, उठत नाहीत, याला काही अर्थ आहे की नाही? फोटो काढून साहेबांना पाठवायचा. रिनालाही. सहज.

भाषण पूर्ण झालं. माझं आजवरचं सर्वांत चांगलं. सर्वांत लांबही.

२५ डिसेंबर, बुधवार. नाताळ.

पाच वाजता उठलो. खरोखर. अंगण झाडलं, बांबूचा तारा टांगला, पेटी पुसली.

नऊ वाजता कोणी नाही. दहा वाजता कोणी नाही. पेटीवर एक गीत वाजवलं, मोठ्याने. कुत्रं आलं आणि गेलं.

अकराच्या सुमारास बुधरीबाई रिकामं टोपलं घेऊन खळ्याकडे निघालेल्या दिसल्या. विचारलं, सगळे कुठे आहेत? म्हणाल्या, धान चुराले गेले. (म्हणजे मळणीला.) विचारलं, उपासनेला कोणी येणार नाही का? आजचा दिवस किती मोठा आहे ते सांगितलं. भाषण तयार आहे, हेही सांगितलं.

त्या थांबल्या. टोपलं कमरेवर घेतलं. अगदी प्रेमाने बोलल्या, हे मान्य करायला हवं. पयले तुमी पाहुने होते. पाहुन्याचं बोलनं पुरं होईपर्यंत उठाचं नसते, म्हनून बसत होतो आमी. आता तू घरचा झाला. घरच्याचं कोन आयकते बाप्पा? चल, तुझा भाऊ एकलाच आहे बैलाजवळ.

पेटी झाकली. बुधरीबाईंच्या मागे खळ्यावर गेलो. संध्याकाळपर्यंत बैलांमागे गोल फिरलो. जंगूभाऊ दोनदा ओरडले, हळू हाक म्हणून.