लाइन निर्दोष

प्रिय ठमे,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू म्हणशील, हा दादा ऑफिसात माझ्यापासून चौदा पावलांवर बसतो, याला टपालाची काय हौस आली? चौदाच आहेत, मोजली आहेत. गेल्या दोन आठवड्यांत ती चौदा पावलं मी तीनदा चालून आलो. तिसऱ्या वेळी तू फोनवर होतीस. कुठल्याशा इमारतीत लिफ्ट चौथ्या आणि पाचव्या मजल्यांमध्ये अडकली होती आणि आतल्या बाईंना तू सांगत होतीस, मेकॅनिक जिना चढतोय, दाराला टेकू नका, माझ्याशी बोलत राहा. तुझा तो आवाज ऐकला. टेबलावरचं स्टेपलर उचललं, 'नेतो जरा' म्हणालो आणि परत फिरलो. ते स्टेपलर अजून माझ्याकडेच आहे.

काल दुपारी आईकडे जाऊन आलो. तू ऑफिस सुटल्यावर धावतपळत जातेस तेव्हा भेटीची वेळ संपायला वीस मिनिटं उरलेली असतात, म्हणून मुद्दाम सगळं नीट बघून घेतलं. पलंग खिडकीकडे सरकवलाय. नाकातली नळी बदलली आहे, चिकटपट्टी आता गालाला ओढत नाही. डोळे उघडे होते, पण ओठ तसेच, दाबून मिटलेले. नर्स म्हणाली, पहिल्या आठवड्यापासून आजींनी आमच्या कुणाच्या हातचा एक चमचा घेतला नाही, हट्टी आहेत हो. मी हसलो, पण मला माहीत होतं की हा हट्ट नाही. दीड वर्ष ती फक्त तुझ्या हातचं खात होती. डॉक्टरांना पुन्हा विचारलं, घरी नेता येईल का. ते म्हणाले, नळीतलं अन्न दोनदा छातीत गेलंय, आता हलवायचं नाव काढू नका.

आता मूळ मुद्द्यावर येतो. तुझ्या भाषेत, पाल्हाळ पुरे.

आईची डावी बाजू गेली तेव्हा तू नोकरी सोडायला निघाली होतीस आणि मी म्हटलं होतं, थांब, मी बसलोय ना. तुझं ऑफिसातलं कॉम्प्युटर तुझ्या घरी आईच्या पलंगाशेजारच्या टेबलावर आणून दाखवतो. यंत्र ऑफिसातच राहील, पडदा आणि माऊस तुझ्या हातात. साहेबांना खरं वाटत नव्हतं. मी कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही. पंख्यांच्या मोटारी गुंडाळता गुंडाळता जुनी मॅन्युअलं वाचून शिकलेला माणूस. पण रविवारी बसून जोडून दिलं, आणि सोमवारी तू आईच्या उशाशी बसून लिफ्टच्या तक्रारी घेतल्यास. त्या दिवशी मी ऑफिसात जरा छाती काढूनच फिरत होतो. तू म्हणालीस, 'दादा, तू जादूगार आहेस.' मी म्हणालो, जादू नव्हे, शिस्त. आज तो शब्द लिहितानाही कान तापतात.

वर्षभर सगळं सुरळीत चाललं. मग तुझी कुरकुर सुरू झाली. अकराच्या सुमाराला पडदा गोठतो, दोन मिनिटांनी येतो, पुन्हा जातो, तिकडे लिफ्टमधला माणूस ओरडत असतो आणि मेकॅनिकला पाठवायचं बटणच दाबलं जात नाही. मी काय काय केलं ते तुला पाठ असेल. तुझ्या घरची वायर बदलली. तो वायफायचा डबा कपाटामागून काढून खिडकीत ठेवला. पडद्याचे रंग कमी केले, मागचं चित्र काढलं, आवाज बंद केला. तुझ्या भाचीचा तो हसरा फोटोसुद्धा काढायला लावला, म्हटलं तेवढंच ओझं कमी. आणि सलग सहा रविवार सकाळी रिकाम्या ऑफिसात बसून लाइन मोजली. इथून तिथे जाऊन परत यायला सेकंदाचा पन्नासावा भाग, एकदाही चूक नाही. रविवारच का, तर शांततेत घेतलेलं माप खरं, असं माझं मत. नेहमीच्या गजबजीत कुणी मोजतं का, असं मी तुलाच ऐकवलं होतं.

मग मला संशय आला. तो मी तुला कधी स्पष्ट बोललो नाही, पण तुला कळला असणार. अकरा ही आईला भरवायची वेळ. मला वाटलं, तू वाटी घेऊन उठतेस, फोन वाजत राहतो आणि मग लाइनवर ढकलतेस. एकदा मी विचारलंही, आईचं खाणं साडेबाराला नाही का चालणार? तू म्हणालीस, 'मी वाटी एका हातात धरून बसते रे, खुर्ची सोडत नाही.' मी हं म्हणालो. साहेबांनी लेखी अहवाल मागितला तेव्हा मी वळणदार अक्षरात लिहिलं, 'सर्व तपासण्या केल्या. लाइन निर्दोष. अडचण वापरणाऱ्या व्यक्तीच्या बाजूची असावी.' त्या 'असावी'चा मला तेव्हा मोठा अभिमान होता, की बहिणीवर सरळ ठपका ठेवला नाही. साहेबांनी 'असावी' वाचलंच नाही. एक तारखेपासून ऑफिसात या, नाहीतर दुसरी व्यवस्था करतो, एवढंच तुला सांगितलं. आणि पाच महिन्यांपूर्वी आपण दोघांनी आईला त्या शुश्रूषा केंद्रात पोचवलं. तू तिची वाटी आणि चमचा बरोबर घेतला होतास, ते त्यांनी ठेवून घेतले नाहीत.

आता ऐक. मागच्या महिन्यात स्टोअरच्या नानांनी साहेबांकडे माझी तक्रार केली, की लेबल छापायचा प्रिंटर मधेच अडकतो आणि मी ढुंकून बघत नाही. खरंच बघत नव्हतो. नाना म्हणजे संडासातला दिवा दोनदा विझवून खात्री करणारा माणूस. त्यांनी यंत्राला हात लावला की बिघडणारच, असं मी धरून चाललो होतो. नाना म्हणाले, 'तुला यंत्राचं पटतं, माणसाचं पटत नाही. जाऊ दे, यंत्रालाच विचार.' मी रागानंच त्या प्रिंटरमधून त्याच्या माहितीचा कागद छापून काढला. त्यावर त्याचा ऑफिसातला नंबर होता. चोवीस.

चोवीस तुझ्या कॉम्प्युटरचा नंबर आहे. जशी गल्लीत प्रत्येक घराला पाटी, तसा प्रत्येक यंत्राला एक नंबर. एकाच नंबराची दोन घरं झाली की पत्र कधी या दारात, कधी त्या दारात. हे नंबर यंत्रं आपसात आपोआप वाटून घेतात, पण मला ते पटत नाही. मी हातानं देतो आणि वहीत लिहितो. वही काढली. उजव्या पानाच्या शेवटच्या ओळीवर चोवीस, तुझं टेबल. पान उलटलं, पहिल्या ओळीवर पुन्हा चोवीस, स्टोअरचा प्रिंटर. दोन्ही माझंच अक्षर. पान उलटताना मागची ओळ बघायचा मला कंटाळा आला, बाकी काही नाही. नाना साडेदहाला माल उतरवून घेतात, अकराला प्रिंटर लावतात, लेबलं संपली की वीज नको म्हणून बंद करतात. रविवारी नाना नसतात. आणि ऑफिसात आल्यापासून तू थेट यंत्रासमोर बसतेस, पडदा लाइनवरून यावा लागत नाही, म्हणून पुढे हे दिसलंच नाही. प्रिंटर आल्याची तारीख आणि तुझी पहिली तक्रार, दोन्ही त्याच वहीत आहेत, आठ दिवसांच्या अंतरानं.

प्रिंटरचा नंबर बदलायला मला चाळीस सेकंद लागली. दुसऱ्या दिवशी तू रजेवर होतीस; कामाच्याच दिवशी, बरोबर अकरा वाजता, नानांना प्रिंटर लावायला सांगून माझ्या घरून तुझं यंत्र उघडवलं. तुझी वहिनी बसली होती समोर. तासभर पडदा एकदाही अडला नाही. साहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, 'चालतंय ना आता? मग झालं. ताईंना हवं तर खुशाल घरून करू देत.' घरून कुणासाठी करायचं, हे त्यांना कसं सांगू? कुठलंही यंत्र बंद पडलं की पुढची पायरी काय, हे मला झोपेत विचारलं तरी सांगतो. इथे मला पुढची पायरी सापडत नाही, ठमे. आईच्या पलंगाशी बसून तिला हे सगळं सांगितलं. तिला किती कळलं, मला कळलं नाही.

तरीही मी लिहिलं नसतं. भेकडासारखा गप्प राहिलो असतो, अकरा दिवस राहिलोच होतो. पण रविवारी तिथल्या बाकावर बसल्यावर तू म्हणालीस, 'दादा, तुझंच बरोबर असेल. लाइन चांगलीच असणार. मीच थकले होते, मधेच उठत असेन, आता नीट आठवतही नाही. मावशी बोलते ते खोटं नाही, मीच घालवलं आईला घरातून.' आणि मी, सगळं ठाऊक असून, तुझ्या पाठीवर हात फिरवत बसलो. तेव्हा ठरवलं, तोंडी सांगितलं तर तू मला समजावत बसशील आणि माझी चूक पुसून टाकशील. म्हणून लिहून देतोय, वहीचं ते पानही फाडून सोबत जोडलं आहे, दोन्ही बाजू बघ. मावशीकडे मी स्वतः जाणार आहे. तू आईला घालवलं नाहीस. अकरा वाजता तू खुर्चीतच होतीस, एका हातात वाटी धरून. आणि समजा उठली असतीस, तरी त्यात गुन्हा कसला होता, हे मला तो अहवाल लिहिताना सुचायला हवं होतं.

तुझाच,
दादा